एकाच घरची खूण

शिवांजली जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आली, कारण समुद्र बंद झाला होता. समुद्र बंद होतो हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं. माशांच्या विणीचे दोन महिने बोटींनी पाण्यात जायचं नाही असा नियम आहे, आणि बोट नाही तर हिचंही काम नाही.

"बंद म्हंजे? कुलूप घालतेत का काय दर्याला?" वैजनाथ म्हणाला.

वैजनाथ माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो बिनबटणाच्या चड्डीत शाळेला जायचा. आता त्याचे केस पांढरे झालेत. शेत बघतो, आणि दोन्ही वेळा गावातलं दूध गोळा करून भूमला खव्याच्या भट्टीवर घालतो. शिवांजली त्याची थोरली लेक. मला मूलबाळ झालं नाही, माणूस जाऊनही पंधरा वर्षं झाली. घर एक आहे, चूल एक आहे. पोर मला मोठी आई म्हणते. या घरात माझं म्हणावं असं काही असेल तर चौदा शेळ्या आणि ती.

तिचं काम घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. गावात कुणी विचारलं की वैजनाथ म्हणायचा, "कोकणात असती, सरकारी कामावर," आणि पावसाचं काढायचा. ती सरकारी कामावर नव्हती. विद्यापीठाकडून समुद्रातल्या डॉल्फिनचा अभ्यास करत होती. ती जनावरं कुठं चरतात, पिलांना काय शिकवतात, आणि मासेमारीच्या जाळ्यांशी त्यांचं कसं जमतं आणि कुठं बिनसतं. तीन हंगाम ती सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर एका बंदरात राहिली होती.

"आपल्याकडं प्यायला टँकर," वैजनाथ जेवताना म्हणाला, "अन् आमची लेक दर्यात मासे मोजती."

"मासा न्हाय अण्णा तो. किती डाव सांगू? पिलाला दूध पाजतो."

"दूध? मग फॅट किती लागतं?"

"म्हशीच्या दुपटीच्या वर."

वैजनाथचा घास हातात राहिला. "खरं का?" थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग तितं कुणी भट्टी काढली न्हाय अजून?"

ती हसली, पण ताट अर्धं ठेवून उठली. डोळे लाल होते तिचे. दिवसभर लॅपटॉपसमोर बसायची, वीज गेली की कपाळ दाबत बसायची. वीस जुलैला तिला अहवाल द्यायचा होता. तो तिच्या सरांकडून मत्स्य खात्याला जाणार होता. बंदरातल्या सगळ्या बोटवाल्यांची तक्रार होती की डॉल्फिन जाळी फाडतात. ते खरं किती, आणि त्यावर करायचं काय, हे तिनं लिहायचं होतं.

"तुला बोटीवर घेतलं कुणी पण?" मी एकदा विचारलं. "बाईमाणसाला घेतेत?"

"कुणीच घेत नव्हतं. सोळा बोटवाल्यांनी नाही म्हटलं. एका तांडेलानं घेतलं."

तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा कारभारी. हा साठीचा, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, उलटी झाली तर उजव्या बाजूनं कर, डाव्या बाजूला आमचं जेवण आहे. नंतर त्याच्या बायकोनं हिला आपल्याच घरात खोली दिली. तापानं आठ दिवस पडली तेव्हा तिनंच पेज पाजली. शिवांजली त्या दोघांविषयी बोलायची तेव्हा मला जरा बरंही वाटायचं आणि जरा वाईटही.

डोळ्यांचं फारच झालं तेव्हा मी म्हटलं, ती चित्रं कागदावर घे. ती भूमला गेली आणि झेरॉक्सवाल्याकडून दोनशे चित्रं छापून आणली, हाताच्या पंजाएवढी. झेरॉक्सवाल्यानं विचारलं म्हणे, "ताई, ही कुदळीची पाती विकायचीत का?"

दिसायचंच तसं. डॉल्फिन वर आला की पाठीवरचा त्रिकोणी पर तेवढा पाण्याबाहेर दिसतो. त्याच पराचे फोटो. कुणाच्या पराला मागच्या कडेला खाच, कुणाचं टोक मोडलेलं, कुणावर पांढरे ओरखडे. त्यावरून हा कोण ते ओळखायचं. पहिल्या वर्षीचा हा आणि यंदाचा हा एकच की दुसरा, असं तीन वर्षांचं जुळवायचं.

"मग हे आपल्या शेळ्यांसारखंच की," मी म्हटलं.

आमच्याकडं शेळ्या काळ्या. सगळ्यांच्या सगळ्या काळ्या. माळावर चार घरांचे कळप एकत्र झाले की परक्या माणसाला नुसता काळा ढीग दिसतो. म्हणून प्रत्येक घराची कानाची खूण ठरलेली असते. करडू महिन्याचं झालं की सुरीनं कानाला खाच पाडायची आणि वर हळद दाबायची. आमच्या घराची डाव्या कानाला, खालच्या कडेला एक. शंकरप्पाच्या घराची उजव्या कानाचं टोक सरळ छाटलेलं. खूण बघितली की शेळी कुणाची ते सांगायला लागत नाही.

सोप्यात घोंगडं अंथरलं आणि आम्ही दोघी कागद मांडून बसलो. प्रत्येकावर तिनं नंबर आणि वर्ष लिहिलं होतं. पहिले दोन दिवस मी नुसतं हातात द्यायचं काम केलं. तिसऱ्या दिवशी तिनं दोन कागद वेगवेगळ्या ढिगांत ठेवले तेव्हा मी म्हटलं, "अगं, ही दोन्ही एकच हाय. ही डावीकडून, ही उजवीकडून. खाच उलटी झाली तरी खोली तेवढीच हाय बग."

तिनं मोजपट्टी लावली आणि माझ्याकडं बघितलं. त्यानंतर तिनं मला नंबर विचारायला सुरुवात केली. माझी मानही दुखायला लागली, पण उठावंसं वाटेना. एकेक जनावर कळायला लागलं होतं. सत्तेचाळीस नंबर फाटक्या कानाच्या बोकडासारखा उंडगा, दर महिन्याला दुसऱ्याच घोळक्यात. एकोणीस नंबर मादी. तिच्याबरोबर पिल्लू असायचं. तिला तांडेल बाय म्हणायचा.

"बाय त्याच्या बोटीचं इंजिन ओळखते," शिवांजली म्हणाली. "वीस बोटी असल्या तरी ह्याचीच बोट जाळं ओढायला लागली की येते. बांगडा शेपटीकडून धरून अलगद ओढून घेते, जाळ्याला धक्का न लावता. मग पिलाला ओढायला लावते. पिलाला जमत नाही, ते हिसडा मारतं, अन् जाळं फाटतं."

"अन् तांडेल?"

"शिव्या देतो. मग पिलाला जमलं की मला हाक मारून दाखवतो."

पाचव्या दिवशी दुपारी मी सात कागद बाजूला काढले आणि तिच्या पुढ्यात ठेवले.

"हे सात एकाच घरचे," मी म्हटलं.

"एकाच घोळक्यातले म्हणायचंय का तुला? नाही गं. हा बघ, हा वीस किलोमीटर लांब..."

"घोळक्याचं न्हाय म्हनत मी. मालकाचं म्हनती. सातीला एकच खूण केलीय, पुढच्या कडेला, खाली, बुडाजवळ."

ती खो खो हसली. जाऊ चुलीपुढून बघायला आली, काय झालं म्हणून. "मोठे आई, समुद्रातल्या जनावराला कोण मालक? कोण कान कापतंय त्यांचे?"

माझी चूक माझ्या ध्यानात आली आणि मीही हसले. खूण दिसली की मालक शोधायचा, ही आमची जन्माची सवय. पण हसता हसता ती थांबली. सातही कागद तिनं ओळीनं लावले. मग उठली, लॅपटॉप घेऊन आली आणि त्याच सात जनावरांचे पहिल्या वर्षीचे फोटो शोधायला लागली. पाच सापडले. पाचांच्याही पराला पुढच्या बाजूला काहीही नव्हतं. कोरी कड होती.

"हे नंतर झालंय," ती म्हणाली. आवाज बदलला होता तिचा.

"मोठं करून दाव," मी म्हटलं.

तिनं एकोणीस नंबरच्या पराचा तेवढा भाग मोठा केला. मी चष्मा पुसून बघितलं. कुत्रं चावलं तर कड फाटते, धस निघते. काट्यानं ओरखडा पडतो. सुरीचा काप तिरका असतो आणि उघडा राहतो. हा काप अरुंद होता, सरळ होता, खोल आत गेलेला, आणि दोन्ही काठांना पांढरी रेघ धरून भरलेला.

"ही सुरी न्हाय," मी म्हटलं. "ही वायर हाय. बारीक, पिळाची. गाडीच्या क्लचला असती तसली."

"तुला कसं काय माहीत?"

"चांदणीच्या पायाला हाय."

चांदणी माझी थोरली शेळी. तिला कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून ते नाव. तीन वर्षांपूर्वी ती डुकरासाठी लावलेल्या वायरच्या फासात सापडली होती. शिवांजली मागं अंगणात आली. मी चांदणीचा मागचा पाय उचलून धरला, केस बाजूला केले आणि दाखवलं. खुराच्या वर चार बोटं, गोल, अरुंद खोबण, कडेला पांढरे केस. शिवांजलीनं मोबाइल काढला आणि फोटो घेतला. पण ती पायाकडं बघतच नव्हती. तिथंच, दावणीच्या कडेला खाली बसली.

"मी पक्कड धरून दिली होती," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला तांडेल तालुक्याच्या गॅरेजमधून जुन्या क्लच वायरचं भेंडोळं घेऊन आला होता. जाळ्याची वरची बाजू सारखी फाटते म्हणून वरच्या दोराला त्यानं वायर गुंडाळली. तेव्हा ही शेजारीच बसली होती. तो वायर ओढून धरायचा आणि ही पक्कडीनं पिरगळायची. तिनं त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला होता, जाळ्याच्या नोंदीसाठी. बाकी कुणाच्या जाळ्याला वायर नव्हती.

"ती जाळ्याशी येतात, पिल्लू हिसडा मारतं, आई मधी घुसते, अन् पर त्या वायरखाली अडकतो," ती म्हणाली. "तीन वर्षं मी वहीत लिहीत बसले, जाळं कुठं फाटलं. जनावर कुठं फाटलं ते बघितलंच नाही."

त्यानंतर तीन दिवस तिनं एक ओळ लिहिली नाही. कागद घोंगड्यावर तसेच पडलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दोन वाटा आहेत. एक म्हणजे, 'सात प्राण्यांवर जखमांच्या खुणा, कारण अज्ञात' एवढंच लिहायचं. कुणाला कधी कळणार नाही."

"अन् दुसरी?"

"खरं लिहायचं. कायद्यानं वाघाला जेवढं जपायचं तेवढंच ह्या जनावराला. अहवाल गेला की माणसं बंदरात येतील, जाळं जप्त होईल, तांडेलावर केस होईल. सोळा जणांनी नाही म्हटलं, त्यानं घेतलं, अन् केस त्याच्यावर. मला पेज पाजणाऱ्या काकूला काय तोंड दाखवू मी?"

"अन् एकोणीस नंबरच्या बायला?" मी म्हटलं.

म्हणायला नको होतं. ती उठून आत गेली.

संध्याकाळी वैजनाथ दुधाच्या किटल्या घेऊन आला. त्यानं घोंगडं बघितलं, लेकीचं तोंड बघितलं. "झालं का? सोडलं का दर्याचं खूळ? मी म्हनलो हुतो, बीएड कर."

मी म्हटलं, "भावजी, बसा जरा. तुमचंच काम हाय."

त्याला सगळं सांगितलं. सात परांचं, वायरचं, तांडेलाचं. चांदणीच्या पायाचं आलं तेव्हा तो किटलीचं झाकण उगाच उघडझाप करायला लागला.

"मोठे आई," शिवांजलीनं मधेच विचारलं, "चांदणीला कुणाची वायर लागली होती?"

मी वैजनाथकडं बघितलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आताही माझ्या तोंडून निघालं नसतं.

"माझी," वैजनाथ म्हणाला.

जाऊ दारात थबकली. तिलाही माहीत नव्हतं.

"डुकरांनी भुईमूग उकरून ठिवला हुता सगळा," वैजनाथ लेकीकडं न बघता बोलत होता. "वरच्या बांधाला सात-आठ फास लावले. म्या काय शेळीसाठी लावले न्हवते. तुझ्या मोठ्या आईनं ती शेळी खांद्यावर घेऊन आणली, रगात गळत. वायरीसकट. अन् माझ्या पुढ्यात, इतं, ह्या खांबाला बांदली. एक शबूद बोलली न्हाय. पाणी पाजलं अन् निगून गेली."

"मग?"

"मग काय मग. मला लई राग आला. म्हैनाभर वैनीशी बोललो न्हाय मी."

"सव्वा म्हैना," मी म्हटलं.

"बरं, सव्वा म्हैना. पर फास काढले का न्हाय दुसऱ्या दिवशी?"

"काढले."

"ही जर पारावर जाऊन बोलली असती ना," तो आता लेकीकडं वळला, "शंकरप्पा अन् सगळे बसलेले असतेत तितं, तिथं जर मला कळलं असतं, तर म्या फास काढले नसते. आनखी चार लावले असते. सांगून ठिवतो."

आमच्या सासऱ्यांचा नेम होता. परक्या खुणेची शेळी आपल्या कळपात आली तर दिवस मावळायच्या आत तिच्या मालकाच्या दारात जायचं. वाटेत कुणाला सांगायचं नाही, बाजारात विचारायचं नाही. आधी त्याचं दार. शेळी चुकून आली की त्यानंच सोडली, हे तिथं ठरतं. चांदणीच्या वेळी मी तेवढंच केलं होतं, वेगळं काही केलं नव्हतं.

वैजनाथनं खिशातून आपला मोबाइल काढला आणि लेकीसमोर धरला. "आदी त्याला फोन लाव. कागद मागून."

"तो शिव्या देईल, अण्णा."

"देऊ दे की. म्या काय दिल्या न्हाईत व्हय वैनीला?"

"कधी?"

"मनात."

तिनं आपल्या मोबाइलवरून लावला, आवाज मोठा करून. पलीकडं कुठंतरी हातोडीचा ठोका पडत होता. बंदीच्या दिवसांत ते बोटी आणि जाळी दुरुस्त करतात.

"काय गो चेडवा! म्हयनो झालो, फोन नाय, काय नाय. जेवतंस मा?"

तिनं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. सात जनावरं, पहिल्या वर्षीची कोरी कड, क्लच वायर. पक्कड मीच धरली होती हेही म्हणाली. हातोडीचा ठोका थांबला होता.

"म्हणजे माझ्यावर केस घालतंस तू," तांडेल म्हणाला.

"नाही काका. म्हणूनच आधी तुम्हाला..."

"माझ्या बोटीवर बसान, माझ्या घरात जेवान, आता माझाच नाव घेऊन लिवतंस! जाळा फाटता तेव्हा माझा फाटता. तुझ्या डॉल्फिनाचा नाय फाटत."

फोन बंद झाला. शिवांजली तोंडावर ओढणी धरून बसली. वैजनाथ किटल्या उचलून निघाला, दारात थांबला.

"सव्वा म्हैना लागत न्हाय सगळ्याला," तो म्हणाला. "त्यो फटकळ हाय म्हनतीस ना? फटकळ मानसाला कमी लागतंय."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिनं ते सात फोटो आणि चांदणीच्या पायाचा फोटो त्याला पाठवून दिले. त्यानं बघितल्याची निळी खूण आली, उत्तर नाही. पंधरा जुलै उजाडला. ती लिहायला बसली होती, पण पहिल्या भागाचंच लिहीत होती, जाळ्यांचं. तिच्या नोंदीत एक गोष्ट चांगली निघाली होती. जाळ्याची निम्म्याहून जास्त भोकं डॉल्फिननं पाडलेलीच नव्हती, केंड नावाच्या माशानं कुरतडलेली होती. केंडाची भोकं लहान आणि पुष्कळ, डॉल्फिनची मोठी आणि थोडी. सगळा आळ मोठ्या जनावरावर जात होता, कारण तेच डोळ्यांना दिसतं.

दुपारी फोन वाजला. तिनं आवाज मोठा केला आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

"ती शेळी कोणाची?" तांडेलानं सरळच विचारलं.

"माझ्या मोठ्या आईची. तिनंच ओळखलं, वायर आहे म्हणून."

"खय असतत त्या?"

"इथं, भूमला. शेळ्या राखते."

"समुद्र बघितल्यान हा?"

"नाही."

"दी फोन तिका."

मी फोनपुढं वाकले. "नमस्कार," मी म्हटलं.

"नमस्कार, बाय. माका एक सांगा. क्लचची वायर कशावरसून म्हणताय? ब्रेकची कित्याक नाय?"

"ब्रेकची जाड असती. काप रुंद पडला असता," मी म्हटलं. "अन् पिळाचे दात उठलेत काठाला, बारीक. तुमच्या हाताशी वायर आसंल तर आंगठ्याच्या नखावर दाबून बगा."



"बघितलंय," तो म्हणाला. "परवाच बघितलंय. जाळा शिवूक काढलेला हा पडवीत. सगळी वायर काढलंय काल. हात फाटले माझे. पाच ठिकाणी त्या पिळात काळा कायतरी सुकान चिकटलेला. माका वाटायचा, शेवाळ." मग एकदम विचारलं, "शेळीक बरा व्हायाक किती दिस लागले?"

"पाय भरायला सव्वा म्हैना. पर त्या बांधाला ती अजून जात न्हाय. वढून नेली तरी पाय रोवती."

"आमची बाय येता," तांडेल म्हणाला. "मे म्हयन्यापर्यंत येत होती. एवढा कापला तरी माझ्याच जाळ्याक येत होती."

मी फोन पोरीच्या हातात दिला.

त्याच्या अटी होत्या. वायरीचं लिही, माझंच जाळं ते, कबूल. पण काढली हेही लिही, तारखेसकट, आणि फोटो पाठवतो तो लाव. केंडाचं ठळक लिही. आणि पाठवायच्या आधी सगळं मला वाचून दाखव, मी सांगेन कुठं चुकतंस ते. "आणि एक तारखेक बोटीवर ये," तो म्हणाला. "वायर काढलंय. आता जाळा फाटला तर शिवूक कोण बसतला? तू."

"बसते की काका."

"बसते की! टाको घालूक येत नाय तुका."

केस होणार नाही असं कुणीच म्हणालं नाही. ते तिच्या हातात नव्हतं, त्याच्याही नव्हतं. अहवालात तिनं आपलं स्वतःचंही लिहिलं, की वायर बांधताना अभ्यास करणारी व्यक्ती हजर होती आणि तिनं हातभार लावला. एकोणीस तारखेला तिनं सगळं फोनवर वाचून दाखवलं. दीड तास लागला. तांडेलानं सहा ठिकाणी अडवलं. चार ठिकाणी त्याचं बरोबर निघालं, ते तिनं बदललं. दोन ठिकाणी तिनं ऐकलं नाही. तेव्हा दोघांचं चांगलंच वाजलं, आणि मागून त्याची बायको म्हणत होती, पोरीला जरा बोलू द्या.

एकोणतीसला ती निघाली. मी सात कागद मागून घेतले, बाकीचे तिनं नेले. कुर्डुवाडीच्या एसटीला अजून वेळ होता. वैजनाथ भट्टीवरून घाईघाईनं आला आणि पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला, वरून दोन कागद गुंडाळलेला मोठा गोळा काढला. खवा होता, चांगला लाल होईपर्यंत भाजलेला, प्रवासात टिकावा म्हणून.

"अण्णा, एवढा? मी एकटी कुठं खाऊ?"

"तुला कुणी दिलाय? तांडेलाला दे."

"काय म्हणू? कशाबद्दल?"

वैजनाथनं एसटीच्या पाटीकडं बघितलं. पाटी त्याला पाठ होती, तरी वाचत राहिला.

"काय म्हनू नको," तो म्हणाला. "नुस्ता दे."